डीपीपासून सुरुवात कर

वसमत तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलंय. नाव छापू नका, असं तिनं लिहिलंय. ती नांदेडला विद्युत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग देतो.

"सर, उन्हाळ्यात मोठ्या संस्थेत संशोधनाची इंटर्नशिप करायची आहे आणि पुढे एम.टेक. अर्जात एक पान मागितलंय : तुमची शैक्षणिक, संशोधनाची आणि नेतृत्वाची पार्श्वभूमी लिहा. कितीदा लिहायला बसले, पान कोरंच राहतं. दहावीपर्यंत मी गावातच मराठी शाळेत शिकले. पहिल्या सेमिस्टरला एम-वन (गणिताचा पहिला पेपर) राहिला, दुसऱ्या वेळी निघाला. आता सीजीपीए ७.६ आहे. संशोधन म्हणावं असं काही नाही. चौघांनी मिळून एक मिनी प्रोजेक्ट केला, फेज (थ्री फेज विजेच्या तीन तारांपैकी एक) गेली की मोबाईलवर मेसेज येतो असा. विषय मीच सुचवला होता, कारण आमच्या डीपीवर (शेतीपंपांना वीज देणाऱ्या रोहित्रावर) दरवर्षी कुणाची ना कुणाची मोटर जळतेच. नेतृत्व म्हणाल तर टेक-फेस्टला को-ऑर्डिनेटर होते, सर्टिफिकेट आहे. होस्टेलच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना रविवारी एम-वन शिकवते, पण ते काही लिहिण्यासारखं नाही. एक सीनियर म्हणतो, पैसे भरले की आठवड्यात पेपर छापून येतो, नाव टाकून घे. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही तयार मिळतो म्हणे. आणि सगळे आता सोलर पंपच घेतायत, मग माझा विषय जुना झाला का? वडील म्हणतात, महावितरणची परीक्षा दे, अजून दोन वर्षं कुठून भागवायची? त्या पानावर मी काय लिहू?"

लेकरा,

जी दोन वाक्यं तू पत्रात जाता जाता लिहिलीस, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. डीपीवर दरवर्षी मोटर जळते, हे एक. रविवारी मुलींना एम-वन शिकवते, हे दुसरं. तुझं पान या दोन वाक्यांवर उभं राहील. टेक-फेस्टचं सर्टिफिकेट शेकडो जणांकडे असतं. अर्ज वाचणाऱ्या प्राध्यापकाला दोनच गोष्टी शोधायच्या असतात : या विद्यार्थ्यानं एखादी गोष्ट स्वतः नीट निरखून पाहिली आहे का, आणि काम अडलं तरी तो त्याला धरून राहतो का. तुझ्याकडे दोन्ही आहे, फक्त त्यातलं पहिलं अजून अर्धवट आहे. ते पूर्ण कसं करायचं, यावर मी आज जास्त लिहिणार आहे.

मोटर का जळते? फेज गेली म्हणून, असं तू म्हणशील आणि ते बरोबर आहे. चालू मोटरची एक फेज गेली तरी ती थांबत नाही. उरलेल्या दोन फेजांवर तेवढंच पाणी उपसत राहते आणि त्या दोन तारांमधला प्रवाह साधारण १.७३ पट होतो, कधी त्याहून जास्तही. स्टार्टरचा ओव्हरलोड रिले, म्हणजे प्रवाह वाढला की मोटर बंद करणारा भाग, ठीक असेल तर वाचते. रिले डायरेक्ट केलेला, म्हणजे मधून काढून टाकलेला असेल किंवा टू फेजवर चालवायला कंडेन्सर लावलेला असेल, तर वाइंडिंग जातं. हे सगळं पुस्तकात आहे आणि तुमच्या मिनी प्रोजेक्टनं एवढंच पकडलं.

आता एक पायरी मागे जा. मुळात फेज का गेली? माझा अंदाज आहे की बऱ्याचदा याचं मूळ लाईट येण्याच्या पहिल्या काही सेकंदांत असतं. शेतीची थ्री फेज आठ तास, पाळीपाळीनं, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रीच्या पाळीला अंधारात, सापा-विंचवाच्या रानात कुणी मोटर चालू करायला थांबायचं? म्हणून शेतकरी लाईट येताच मोटर आपोआप चालू करणारा ऑटो स्विच बसवतो. त्यात त्याचा दोष मला दिसत नाही. पण लाईट आली की डीपीवरच्या सगळ्या ऑटोवाल्या मोटरी एकाच क्षणी उठतात.

हे वहीत मांडून बघ. डीपी १०० केव्हीएची धर. ४३३ व्होल्टला तिचा पूर्ण भाराचा प्रवाह १३३ अँपिअरच्या आसपास. पाच एचपीची मोटर चालताना सात-आठ अँपिअर घेते, पण डायरेक्ट ऑन लाईन, म्हणजे थेट पूर्ण व्होल्टेजवर उठताना त्याच्या सहापट, म्हणजे ४५ अँपिअर धर. अशा १५ मोटरी एकदम उठल्या तर ६७५ अँपिअर, डीपीच्या ताकदीच्या पाचपट. ट्रान्सफॉर्मरचा इम्पीडन्स (आतला अडथळा) साडेचार टक्के धरला, तर नुसत्या डीपीतच १८ ते २० टक्के व्होल्टेज पडतं. शेवटच्या पोलपर्यंत तारेत जे पडतं ते वेगळं. टॉर्क, म्हणजे मोटर फिरवणारा जोर, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जातो, म्हणजे ८० टक्के व्होल्टेजला टॉर्क ६४ टक्केच मिळतो. एखादी मोटर नुसती घुमते, वेग घेत नाही, आणि जोवर वेग घेत नाही तोवर तो सहापट प्रवाह ओढत राहते. मग डीपीवरचा एखादा फ्यूज जातो. एक फ्यूज गेला की त्या फेजवरच्या सगळ्यांचीच फेज गेली. एकाच्या रानातल्या अडचणीनं दुसऱ्याची मोटर जळते ती अशी.

हा झाला माझा हिशेब. तो खराच असेल, असं धरून चालू नकोस. पंपाला सुरुवातीला टॉर्क कमी लागतो, त्यामुळे पडलेल्या व्होल्टेजवरही बऱ्याच मोटरी उठतात. मग नेमक्या कोणत्या उठत नाहीत? डीपीपासून किती लांबच्या? किती मोटरी एकदम आल्या की फ्यूज जातो? आणि प्रत्येक ऑटो स्विचला वेगवेगळा उशीर दिला, कुणाला २० सेकंद, कुणाला ९०, तर किती फरक पडतो? महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय की ऑटो स्विच काढा, व्होल्टेज सावरणारा कॅपॅसिटर बसवा. शेतकरी काढत नाही, कारण त्याची अडचण खरी आहे. ऑटो न काढता, नुसता उशीर देऊन काम भागतं का, हा प्रश्न तुझा होऊ शकतो. एका डीपीचा, एका हंगामाचा प्रश्न आहे. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीच्या आवाक्यात बसतो आणि उत्तर 'नाही' असं आलं तरी ते उत्तर कामाचं आहे.

मोजायचं कसं, तेही सांगतो, कारण इथं बरेच जण घसरतात. बाजारात मिळणारं स्वस्त एनर्जी मॉड्यूल सेकंदाला जेमतेम एक आकडा देतं. तुला जे पाहायचंय ते पहिल्या दोन-चार सेकंदांत घडून जातं, त्या मॉड्यूलमध्ये ते दिसणारच नाही. ५० हर्ट्झचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं. प्रत्येक आवर्तनाचा आरएमएस (परिणामी मूल्य) काढता येईल इतक्या वेगानं नोंद घे. ईएसपी-३२ ही छोटी कंट्रोलर चिप पुरेल, पण तिचा स्वतःचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) सरळ रेषेत वागत नाही, म्हणून बाहेरचा एडीसी जोड. प्रवाहासाठी तार न कापता बसणारा क्लॅम्प सीटी (प्रवाह मोजणारा चिमटा) घे. यंत्राला बॅटरी हवीच, कारण लाईट येते त्या क्षणी ते आधीपासून जागं असलं पाहिजे. वेळ पक्की राहावी म्हणून घड्याळाची चिप आणि नोंदींसाठी मेमरी कार्ड. गावाला नेण्याआधी कॉलेजच्या मशीन लॅबमध्ये चांगल्या मीटरशेजारी ठेवून चूक किती टक्के येते ते लिहून ठेव. अहवालात हा आकडा पहिल्या पानावर असू दे.

एक गोष्ट मी फार गंभीरपणे सांगतोय : डीपीला हात लावायचा नाही. डीपीच्या पेटीत काही बसवायचं असेल तर महावितरणच्या शाखा कार्यालयात अर्ज दे, परवानगी मिळाली तर त्यांच्या माणसाकडून बसवून घे, नाही मिळाली तर विषय सोड. तू मोजायचं ते स्वतःच्या आखाड्यावरच्या, म्हणजे रानातल्या, स्टार्टरच्या पेटीत, तेही लाईट नसताना, लायसन्सवाला वायरमन सोबत घेऊन. पाळीची वेळ बदलते, लाईट केव्हाही येते, तेव्हा मेन स्विच पाडल्याशिवाय पेटी उघडू नकोस. मराठवाड्यात रानातल्या शॉकनं माणसं जातात, हे तुला मी सांगायला नको.

एका जागी मोजून भागणार नाही. डीपीजवळचं एक रान, मधलं एक, शेवटच्या पोलवरचं एक, अशा तीन जागा धर. दोन घरं चुलत्यांची असतीलच, त्यांना विचार. हळदीला आणि गव्हाला पाणी चालू असतं त्या दिवसांतच मोज, नाहीतर मोटरीच चालू नसतील. प्रत्येक रानात जाऊन मोटर किती एचपीची, ऑटो आहे का, कॅपॅसिटर आहे का, गेल्या हंगामात जळाली का, रिवाइंडिंगला किती गेले, एवढं विचारून वहीत लिही. ही वही यंत्राइतकीच महत्त्वाची. मग ओपन-डीएसएस हे वीजजाळ्याचं मॉडेल करणारं मोफत सॉफ्टवेअर घेऊन तुमची डीपी आणि एलटी लाईन (डीपीपासून रानापर्यंतची तार) त्यात उभी कर. पायथन येत असेल तर त्यातलं पॅन्डापॉवरही चालेल. मोजलेलं आणि मॉडेलमधलं जुळतं का ते बघ. पहिल्यांदा जुळणार नाही. का जुळत नाही ते शोधण्यात जे दिवस जातील, त्यालाच संशोधन म्हणतात, आणि मुलाखतीत तुला त्याबद्दलच बोलता येईल.

सोलर पंपांमुळे विषय जुना झाला का? नाही झाला. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत गेलेले शेतकरी डीपीवरून उतरतील, हे खरं. पण डीपीवर जे राहतील त्यांचं काय? शिवाय मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची, तिचा दुसरा टप्पा २०२३ पासून सुरू आहे. त्यात पंप तेच, डीपी तीच, फक्त फीडरला (डीपींना वीज आणणाऱ्या वाहिनीला) वीज सौर प्रकल्पातून आणि दिवसा. म्हणजे मोटरी एकदम उठण्याचा प्रश्न तसाच, वर ढग आले की वीज कमी-जास्त होण्याची भर. तुझी आजची नोंद बदलाच्या आधीची नोंद ठरेल. पाच वर्षांनी कुणाला तुलना करायची झाली, तर अशीच नोंद लागेल.

हा प्रश्न कुठे बसतो, हे पानावर दोन वाक्यांत सांग. फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, २०१५ मध्ये पुन्हा. तुझ्या घरापासून फार लांब नसलेल्या येलदरीला धरणाच्या पाण्यावर २२.५ मेगावॅट वीज होते, ती धरणात पाणी असेल तेव्हाच. आपल्याकडे वीज करायला पाणी लागतं आणि पाणी उपसायला वीज. बाहेरच्या प्राध्यापकाला हे ऐकून माहीत असेल, तू त्यात वाढलीस. हे दैन्य म्हणून लिहू नकोस. 'मी दुष्काळी भागातली गरीब मुलगी' अशी सुरुवात केलीस तर वाचणारा हळहळेल, पण निवड करायला त्याला काही हाती लागणार नाही. प्रश्न म्हणून लिही.

आता त्या पेपरबद्दल. नाव टाकून घेऊ नकोस. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या मासिकात कुणी ते वाचून तपासलेलं नसतं, आणि निवड समितीतले लोक अशी नावं एका नजरेत ओळखतात. जिथं काहीच नव्हतं तिथं आता खोटं काहीतरी आलं, एवढाच त्याचा परिणाम. मुलाखतीत पहिला प्रश्न येईल, यातला कोणता भाग तुमचा? तिथं तू गप्प बसशील आणि मग तुझ्या खऱ्या कामावरही त्यांचा विश्वास बसणार नाही. तयार प्रोजेक्टचंही तेच. तो विकत घेतलास तर शेवटचं अख्खं वर्ष, जे तू या डीपीला देऊ शकली असतीस, दुकानदाराला दिल्यासारखं होईल. पेपर नसला तरी चालतं. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे पेपर असावा अशी कुणाची अपेक्षा नसते. त्याऐवजी पाच-सहा पानांचा अहवाल कर : प्रश्न, मोजण्याची पद्धत, चूक किती, आलेख, काय कळलं, काय कळलं नाही. मार्गदर्शक सरांची किंवा मॅडमची त्यावर सही घे. नोंदी आणि कोड सगळ्यांना पाहता येतील असे ठेव, फक्त शेतकऱ्यांची नावं आणि गट नंबर काढून टाक.

शिक्षणाच्या भागावर फार वेळ घालवू नकोस. एम-वन राहिला होता हे गुणपत्रिकेवर दिसणारच, म्हणून एका वाक्यात लिही आणि पुढे जा. त्याची कारणं देऊ नकोस, मराठी शाळेचं तर मुळीच नको. पुढच्या वाक्यात लिही की त्याच गणितावर उभे असलेले विषय, कंट्रोल सिस्टिम, पॉवर सिस्टिम, तुला कसे गेले. ७.६ हा आकडा लाजण्यासारखा नाही. पण नुसता आकडा लिहू नकोस. इलेक्ट्रिकल मशीन्समध्ये इंडक्शन मोटरचं समतुल्य परिपथ शिकलीस, तेच आता आखाड्यावरच्या मोटरला लावून बघतेयस, हे त्या आकड्याच्या शेजारी आलं पाहिजे. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा पॉवर सिस्टिमचा एखादा अभ्यासक्रम परीक्षेसह पूर्ण केलास तर तोही लिही. शिकणं मोफत आहे, फी फक्त परीक्षेची.

नेतृत्वाबद्दल मला जरा जोर देऊन सांगायचंय, कारण तू स्वतःचं काम खाली टाकलंस. एम-वन ज्या मुलीला अडला, तीच तो काढून दर रविवारी खालच्या वर्गातल्या मुलींना शिकवते. कुणी नेमलं नव्हतं, कुणी सर्टिफिकेट दिलं नाही. किती मुली येतात? त्यातल्या किती पास झाल्या? कुठल्या धड्यावर सगळ्या अडकतात आणि तू तो कसा सांगतेस? परीक्षेच्या दिवसांत तुला जमत नाही तेव्हा दुसरी कुणी घेते का? हे सगळं तुला माहीत असणार, वहीतून काढ. तू नांदेड सोडल्यावर हा वर्ग चालू राहावा म्हणून आताच दुसऱ्या वर्षाच्या दोघींना हाताशी घे. तसं केलंस तर ते लिही, केलं नाहीस तर लिहू नकोस. टेक-फेस्टचं एका ओळीत येऊ दे, आणि त्यातही 'को-ऑर्डिनेटर होते' याऐवजी नेमकं काय सांभाळलं ते.

गावातही एक काम तुझी वाट पाहतंय. ऑटोला उशीर देऊन फरक पडतो का ते तपासायचं तर १५ शेतकऱ्यांना एका गोष्टीवर राजी करावं लागेल. शेजारचा आधी पाणी घेईल आणि आपलं राहील, ही भीती प्रत्येकाला असते. त्यांना पारावर बसवून, आलेख दाखवून, दीड मिनिटाच्या उशिरानं कुणाचंच पाणी कमी होत नाही हे पटवणं सोपं नाही. पाच जणच तयार झाले तरी मोजता येईल. पुढे कधी कुणी विचारलं की तुम्ही कधी लोकांना सोबत घेऊन काम केलंय का, तर हे सांग.

चौघांच्या प्रोजेक्टबद्दल लिहिताना 'मी' आणि 'आम्ही' वेगळे ठेव. विषय तू सुचवलास, सर्किट कुणी केलं, कोड कुणी लिहिला, ते खरं लिही. दुसऱ्याचं काम त्याच्या नावानं सांगणाऱ्या विद्यार्थ्यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

एक परिच्छेद नमुना म्हणून देतो. हा उतरवून घेऊ नकोस, तुझ्या शब्दांत, तुझ्या आकड्यांनी, तुला येतं तेवढ्याच इंग्रजीत लिही :

"माझ्या गावातल्या १०० केव्हीएच्या एका रोहित्रावर शेतीपंपांच्या मोटरी वारंवार जळतात. तिसऱ्या वर्षात आम्ही चौघांनी फेज गेल्याची सूचना देणारं यंत्र केलं. त्याची कल्पना आणि प्रत्यक्ष जागेवरची चाचणी माझी होती. यंत्र चाललं, पण फेज मुळात का जाते हे त्यातून कळलं नाही. म्हणून मी आता त्या रोहित्रावरच्या तीन ठिकाणी, वीज आल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांची प्रत्येक आवर्तनाची नोंद घेत आहे. ऑटो स्विचना वेगवेगळा विलंब दिल्यास व्होल्टेजची घट किती कमी होते, हे मला तपासायचं आहे. आतापर्यंतच्या नोंदींत असं दिसतं की…"

त्या तीन टिंबांच्या जागी जे येईल ते तुझं. नोंदी अजून झाल्या नसतील तर 'घेणार आहे' असं लिही. 'घेतल्या' असं लिहू नकोस.

अर्ज कुठं करायचा? देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, तिची जाहिरात साधारण आदल्या वर्षाच्या शेवटी येते, त्यावर लक्ष ठेव. आयआयटी गांधीनगर आणि आयआयटी मद्रास यांच्याही उन्हाळी योजना आहेत. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना फेलोशिप मिळते, ओपन-डीएसएसची सवय तिथं कामी येईल. पण नांदेड सोडण्याआधी नांदेडातच बघ. १९८१ पासून सुरू असलेली श्री गुरु गोविंदसिंगजी संस्था तुझ्या शहरात आहे, संभाजीनगरला १९६० पासूनचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या पॉवर सिस्टिमच्या प्राध्यापकांना भेट, मीटर मागायला का होईना. प्राध्यापकांना मेल लिहिताना एकच मजकूर सगळ्यांना पाठवू नकोस. त्यांचा एक पेपर वाच, आठ-दहा ओळी लिही, त्यात एक खरा प्रश्न विचार.

आता वडिलांचं म्हणणं. ते चूक नाहीत. रानावर जगणाऱ्या घरात दोन वर्षं म्हणजे काय ते त्यांना माहीत आहे. त्यांच्याशी वाद घालू नकोस, आकडे सांग. गेटला, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेला, तिसऱ्या वर्षापासून बसता येतं. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण, आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. त्या स्कोअरवर आयआयटी-एनआयटीत एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. त्यात होस्टेलचं भागतं, घरी पाठवण्याइतकं उरत नाही, हेही त्यांना सांग. पुढे पीएच.डी.ला गेलीस तर जेआरएफ या संशोधन फेलोशिपची रक्कम २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहे. पॉवरग्रिड, एनटीपीसी यांसारख्या कंपन्याही गेटच्या गुणांवर अभियंते घेत आल्या आहेत. महावितरण आणि महापारेषणच्या परीक्षेचा विद्युतचा अभ्यास बराचसा तोच आहे. म्हणजे एकाच अभ्यासातून दोन्ही वाटा उघड्या राहतात. महावितरणची जाहिरात आली तर अर्ज भर. ती नोकरी लागली आणि घराला गरज असली, तर घे. डीपी मोजलेली शाखा अभियंता मराठवाड्याला हवीच आहे, आणि एम.टेक. नंतरही करता येतं. माझं मत विचारशील तर आधी गेट दे, कारण वयाच्या या टप्प्यावर अभ्यासाची सवय मोडलेली नाही.

शेवटचं एक काम लगेच कर. अर्जाला शिफारसपत्र लागतं. ज्यांच्या वर्गात सगळ्यात जास्त गुण पडले त्यांच्याकडे जाण्यापेक्षा ज्यांनी तुझं काम पाहिलंय त्यांच्याकडे जा. मिनी प्रोजेक्टचे मार्गदर्शक असतील किंवा मशीन लॅबचे सर. मुदतीच्या निदान तीन आठवडे आधी विचार. सोबत हे एक पान, गुणपत्रिका आणि अहवालाचा जेवढा भाग झाला असेल तेवढा दे. अहवाल अर्धाच असेल तर अर्धाच दे, आणि पुढचा अर्धा कधी होईल ती तारीख त्यावर लिहून दे.